अर्ध्या शटरमागचं भडंग

सांगलीच्या गावभागात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. रात्री साडेआठनंतर गिऱ्हाईक तुटतं, कामाचा पोरगा झाडून निघून जातो. मग मी शटर अर्धं खाली ओढायचो. गल्ला मोजायला. त्या दिवसांत गल्ला मोजायला पाच मिनिटंही पुरत, पण सव्वानऊच्या आत मी कधी बाहेर पडलो नाही. उरलेल्या वेळात काय चालायचं, ते आज लिहितोय.

दोनशे ग्रॅमचं भडंगाचं पाकीट. सोबत बेकरीतल्या दोन-तीन खाऱ्या, कधी क्रीमरोल. सगळं उभ्यानं, पाकिटात हात घालून. "भडंग म्हणजे चुरमुरेच की ओ, पोटात काय जातंय," असं आम्ही सांगलीकर म्हणतो. त्या चुरमुऱ्यांना तेल किती लागतं ते करणाऱ्याला विचारा. पाकीट संपलं की तळाला राहिलेला तळलेला लसूण आणि तिखट-मीठ बोट ओलं करून चाटायचो. मग पाकिटाची घडी घालून रद्दीच्या गठ्ठ्यात खुपसायची, शर्टावरची हळद झटकायची आणि घरी जाऊन पुन्हा जेवायला बसायचं. ही माझ्यासाठी जेवायची थांबलेली असायची. भूक नाही म्हटलं की "का?" आलंच. म्हणून दोन भाकरी, आमटी, भात, वर "आज पिठलं झकास झालंय" हेही. जवळजवळ अडीच वर्षं मी रात्री दोनदा जेवत होतो आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

सुरुवात कुठून झाली ते आता कळतं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. तिच्या हातभर वर सगळा माल चढवून आम्ही निर्धास्त बाहेर पडलो होतो. पाणी त्या खुणेला विचारून आलं नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, वही भिजली की फुगते. रॅकमध्ये गच्च बसवलेल्या वह्यांनी फुगून फळ्या उचकटल्या होत्या. तो लगदा फावड्यानं काढला आम्ही. वास पुढे दिवाळीपर्यंत होता.

ते आठ-नऊ दिवस मिरजेत मेव्हण्याकडे होतो. माणसं लाख मोलाची, पण दुसऱ्याच्या घरात रात्री अकराला उठून डबा उघडता येत नाही. समोर येईल ते आणि येईल तेवढं, "बास, पुरे" म्हणत खायचं. घरी परतल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल तर फरसाण, शेव, बिस्किटं आणून डबे भरले. डबा हलवून तो भरलेला आहे असं वाटलं की छातीतलं काहीतरी खाली बसायचं. मग २०२० ला शाळाच बंद. शाळा नाही तर वह्या कोण घेणार? आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर.

पुराआधी माझं वजन ७८ होतं, २०२२ च्या जानेवारीत ९३. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीए१सी नावाची तपासणी असते, ती ६.३ आली. ६.५ पासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबरठ्यावर एक पाय टाकून उभा.

त्यानंतरचे प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात. दिवसातून दोनदाच खायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमरीतुमरी चालायची. मी दोन्ही केलं. भात सोडला, साखर सोडली. सोमवार धरला, तर आईला वाटलं पोरगा देवाला लागला. तिनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी केली आणि मी ताटभर खाल्ली. पद्धतींना नावं ठेवत नाही. माझंच 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' होतं. दिवसभर कडक राहिलो की त्या रात्री अर्ध्या शटरमागं एकाच्या जागी दोन पाकिटं.

शेवटी मिरजेतल्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या तक्ता काढून देतील म्हणून मी पेन घेऊन बसलेलो. त्यांनी विचारलं, "कुठं खाता?"

मी म्हटलं, "घरीच खातो की."

"आणि जे घरी खात नाही ते?"

इतक्या वर्षांत 'काय खाता' सगळ्यांनी विचारलं होतं, 'कुठं' कुणी नाही. मी पंख्याकडं बघत राहिलो, आणि मग सांगितलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. १९४४-४५ मधल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल त्यांनी सांगितलं. मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, स्वप्नं जेवणाची पडायला लागली. प्रयोग संपून पोटभर मिळू लागलं तरी त्यातल्या अनेकांना पोट भरल्यासारखं वाटेना. "तुम्ही दिवसभर स्वतःला उपाशी ठेवता आणि रात्री स्वतःला दोष देता," त्या म्हणाल्या. "दोष दुपारचा आहे."

दुपारचा हिशेब मांडला तर खरंच तसं होतं. दीडला घरी जाऊन घाईघाईत दोन घास, त्यानंतर रात्री साडेआठपर्यंत फक्त चहा, चार कप तरी. सात तास! म्हणजे ज्याला मी मनाचा कमकुवतपणा म्हणत होतो, त्यातला निम्मा भाग साधी भूक होती. याची मला थोडी लाजच वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

उरलेला निम्मा शोधायला त्यांनी पंधरा दिवस लिहून ठेवायला सांगितलं. काय आणि किती खाल्लं ते नाही, तर किती वाजता, कुठं आणि त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं, एवढंच. वह्या विकणाऱ्या माणसाला हे काय अवघड! पुरात भिजून वाळवलेली, पानं लाटांसारखी झालेली एक खतावणी मी फेकली नव्हती, तीत लिहायला घेतलं. डाव्या पानावर 'आधी काय झालं', उजव्या पानावर 'खाल्लं'. जमा आणि नावे म्हणा.

पंधरा दिवसांनी पानं चाळली. पुण्याच्या होलसेलवाल्याचा बाकीसाठी मेसेज आला, त्या रात्री दोन पाकिटं. पाऊस लागून राहिला, पाकीट. कोयनेतून विसर्ग इतके हजार क्युसेक ही बातमी पाहिली, पाकीट. उन्हाळ्यात माझा दिवस बरा जात असे. जून लागला की मी दर तासाला मोबाइलवर आयर्विन पुलाची पातळी बघणार, आणि हात आपोआप पिशवीत. बातमीत पाणी १८ फुटांवर असतानासुद्धा. आणि एका दिवशी डाव्या पानावर मीच लिहिलेलं होतं: 'हिनं फोनवर विचारलं, आज धंदा कसा झाला. बरा झाला म्हटलं.' त्याच्यासमोर उजव्या पानावर भडंग, चार खाऱ्या, दोन क्रीमरोल.

त्या अर्ध्या शटरमागं मी का थांबत होतो, ते तिथं सापडलं. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला "चाललंय" सांगायचं, घरी गेल्यावर "बरं चाललंय" सांगायचं. या दोन खोटं बोलण्यांच्या मधला पाऊण तास माझ्या तोंडाला दुसरं काम होतं.

बाकी किती आहे ते मी हिला तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. चार लाख सत्तर हजार. एका रविवारी दुपारी ती खतावणी तिच्यासमोर ठेवली. तिनं आधी आकडा वाचला, मग उलटीकडून पानं चाळत भडंगापर्यंत आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, म्हणजे मी रोज दोन भाकऱ्या उगाच थापत होते?" आकड्यावर ती संध्याकाळी बोलली. दोन भिशा होत्या तिच्या, आणि माझ्यापेक्षा हिशेब पक्का. बाकी फिटायला पुढे दोन वर्षं लागली, तो वेगळा विषय.

एक इथं सांगायलाच हवं. भराभर, दुखेपर्यंत, लपून, आठवड्यातून अनेकदा खाणं हा आजारही असू शकतो. बिंज ईटिंग डिसऑर्डर असं त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्या बाईंनी मलाही एकदा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, आणि मी गेलो. पायरीवर ओळखीचं कुणी भेटेल म्हणून टोपी घालून गेलो, हेही सांगतो.

आता संध्याकाळी साडेपाचला दुकानात माझा डबा उघडतो. एक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, असला तर कांदा. आतल्या स्टुलावर बसून. गिऱ्हाईक आलं तर पोरगा सांगतो, "अण्णा जेवायलेत." सुरुवातीला शेजारचे हसले, आता त्यातला एकजण स्वतःचा डबा घेऊन येतो. रात्री हात शिवशिवला की एकच विचारतो: आत्ता समोर आमटी-भात आला तर खाशील? 'भुकेला कोंडा' म्हणतात ना. आमटी-भात चालत असेल तर घरी जायची वेळ झाली. फक्त भडंगच पाहिजे असेल तर खतावणीचं डावं पान.

भडंग सोडलं नाही. सोडायचं ठरवलं की काय होतं ते पाहिलंय. नियम एवढाच, ताटलीत घ्यायचं, बसून खायचं आणि कुणीतरी बघत असलं तरी चालेल असं खायचं. वजन ८६ आहे, साखर ५.८. मागच्या दिवाळीत एका रात्री ओट्यापाशी उभं राहून चिरोट्यांचा अर्धा डबा संपवला. दुसऱ्या दिवशी उपास केला नाही. सकाळी नेहमीसारखे पोहे खाल्ले, आणि मला विचाराल तर सात किलो उतरण्यापेक्षा ते पोहे अवघड होते.

या पावसाळ्यात एका संध्याकाळी पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही माल वरच्या मजल्यावर चढवत होतो, मी, ही आणि पोरगा. नऊ वाजता ही पातेल्यात भडंग घेऊन वर आली. कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळलेलं. शंभरपानी वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून तिघांनी खाल्लं. मोबाइल माझ्या खिशात होता, मी दोनदा बघितला. खाता खाता पातेल्याच्या तळाशी हात घातला तर लसूण नव्हताच. हिनं आधीच सगळा वेचून खाल्ला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिलाही तळाचा लसूणच आवडतो हे मला माहीत नव्हतं.