फायरवॉल रीबूट झाला, एवढंच?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी डबा. त्याच्या नव्या ॲडव्हायजरी (त्रुटींबद्दलच्या सूचना) चर्चेला आल्या आणि त्यात ‘रिमोट कोड एक्झिक्युशन’ (दुरून हवा तो कोड चालवता येणं) निघालं, की सगळे सरसावून बसतात. ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ (यंत्रणा नुसती बंद पाडता येणं) असलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "डेटा तर जात नाही ना? मग पुढच्या मेंटेनन्स विंडोत बघू." माझं डोकं फिरतं ते इथे. एखादा सर्व्हर पडला तर एक ॲप्लिकेशन बंद पडतं. फायरवॉल पडला की त्याच्यामागचं सगळंच पडतं, व्हीपीएनसकट. म्हणजे बाहेरून लॉगिन करून त्याला उठवायची सोयही गेली.

५ मार्च २०१९ ला अमेरिकेतल्या एका वीज कंपनीत नेमकं हेच झालं. नियंत्रण केंद्र आणि पवन-सौर प्रकल्प यांच्यामधले फायरवॉल आपोआप रीबूट होत राहिले. दर वेळी संपर्क तुटायचा तो पाच मिनिटांच्या आतच, पण हा खेळ तासन् तास चालला. वीजनिर्मिती थांबली नाही, हे नशीब. कारण काय, तर फायरवॉलच्या वेब इंटरफेसमधली जुनी, माहीत असलेली त्रुटी. फर्मवेअर अपडेट आधीच आलेलं होतं, टाकायचं तेवढं राहिलं होतं.

असे छोटे रीबूट फसवे असतात. मॉनिटरिंग दर पाच मिनिटांनी पिंग करत (‘चालू आहेस ना?’ असं विचारत) असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. लोक म्हणतात, लाइन गेली असेल. मी आधी फायरवॉलचा अपटाइम (शेवटच्या रीबूटपासूनचा वेळ) बघते. महिनोन् महिने चालू असलेला डबा सात मिनिटं दाखवायला लागला, की लाइनवाल्याला फोन करायची गरज उरत नाही.

"आपल्याकडे एचए जोडी आहे की!" हा दुसरा आवडता दिलासा. एचए जोडी म्हणजे एक फायरवॉल पडला तर काम उचलायला दुसरा तयार. पॉवर सप्लाय जळला तर जोडी उपयोगी, वादच नाही. पण दोन्ही डब्यांत तेच सॉफ्टवेअर असतं. ज्या पॅकेटने (नेटवर्कवरून आलेल्या डेटाच्या तुकड्याने) पहिला आडवा झाला, तेच पॅकेट पुन्हा आलं की दुसराही आडवा.

डिसेंबर २०२४ मध्ये फायरवॉल बनवणाऱ्या पालो आल्टो कंपनीने जाहीर केलेली सीव्हीई-२०२४-३३९३ ही त्रुटी बघा. खास रचलेलं डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) पॅकेट फायरवॉलमधून नुसतं जायला लागलं तरी तो रीबूट. मॅनेजमेंट इंटरफेस (फायरवॉलची सेटिंग्ज बदलायची वाट) कितीही कुलूपबंद ठेवा, काही फरक नाही. पुन्हा पुन्हा केलं तर तो थेट मेंटेनन्स मोडमध्ये, म्हणजे माणसाने उठवेपर्यंत बंद. पॅच टाकेपर्यंतचा उपाय काय? डीएनएस सिक्युरिटी या फीचरचं लॉगिंग बंद करा. पहारेकऱ्याने पहारा द्यायचा, पण नोंदवहीला हात लावायचा नाही!

त्यामुळे त्रुटीच्या गंभीरतेच्या स्कोअरचा आकडा मी नंतर बघते. आधी तीन गोष्टी: ज्या फीचरमध्ये भोक आहे ते आपल्याकडे चालू आहे का, पॅकेट डब्यावर यावं लागतं की डब्यातून गेलं तरी पुरतं, आणि पडल्यावर तो स्वतःहून उठतो का. उठत नसेल तर पॅच त्याच आठवड्यात, आधी स्टँडबायवर (जोडीतल्या राखीव डब्यावर). आणि नेटवर्क बंद असतानाही डब्यापर्यंत पोचवणारा कन्सोलचा वेगळा मार्ग चालतोय की नाही, ते त्याच्याही आधी तपासायचं.