अर्जावर आवक नंबर पडेपर्यंत

ब्रेडच्या रिकाम्या पिशवीतून त्याने एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. घड्यांवर कागद विरला होता, शिक्का मात्र स्पष्ट होता. जामिनाचा आदेश. वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्याच सहीची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मी तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं. बहात्तर दिवस झाले होते.

"ताई, जामीन झाला म्हनतेत, मग सोडंनात का?"

बीडकडचा माणूस. ऊसतोडीला इकडे आला, फडावर हाणामारी झाली, गुन्ह्यात नाव आलं. भाऊ सातबारा घेऊन दोनदा कोर्टात येऊन गेला होता. जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, इथला स्थानिक जामीनदार आणा, असं त्याला कुणीतरी सांगितलं आणि तो आल्या पावली परत गेला. दोन्ही खेपांना एसटीचं भाडं गेलं, मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

मी दर बुधवारी आमच्या जिल्ह्याच्या कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात बसते. पीएलव्ही आहे, म्हणजे विधी स्वयंसेवक. मी वकील नाही. सव्वीस वर्षं कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टायपिंगचं टेबल होतं. आधी मराठी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, मुदतवाढीचे अर्ज. त्या टेबलावर एक गोष्ट पक्की कळली. कोर्टात माणसाआधी त्याचा कागद पोचतो. केस नंबर राहिला, तारीख चुकली, की कागद बाजूला पडतो आणि त्याच्यासोबत माणूसही.

आत असलेल्यांना तर कागदाशिवाय दुसरं काही नाही. वकिलाला फोन करायचा तर आठवड्यातली पाळी, मुलाकतीला घरचं कुणी येईलच असं नाही, आणि तारखेला व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, कोर्टापुढे उभं राहिलं तर मिनिटभरात पुढची तारीख. म्हणून आम्ही केंद्रात सगळा जोर एकाच गोष्टीवर देतो: बंद्याला स्वतःचा अर्ज स्वतः लिहिता आला पाहिजे. लिहिता येत नसेल तर सांगता आला पाहिजे आणि दुसऱ्याने लिहिलेला वाचून घेता आला पाहिजे.

त्या दिवशीही तेच केलं. केंद्रात शिक्षा झालेला एक बंदी लेखनिक म्हणून बसतो. बाहेर असताना शाळेत शिकवायचा, अक्षर मोत्यासारखं. ऊसतोडवाल्या दादाने सांगायला सुरुवात केली ती थेट लेकरांपासून. बायको एकटी आहे, मुलगी सातवीत आहे, मी कुणाला मारलं नाही. मी म्हटलं, दादा, हे सगळं लिहायचं आहे, पण खाली. साहेबांच्या हातात कागद गेला की पहिल्या चार ओळींतच काय हवंय ते दिसलं पाहिजे. लेखनिकाने लिहिलं ते साधारण असं:

"मा. न्यायालयाने अमुक तारखेला या गुन्ह्यात माझा जामीन मंजूर केला आहे. आजपर्यंत बहात्तर दिवस होऊनही जामीनदार देऊ न शकल्यामुळे मी कारागृहातच आहे. माझ्या भावाची शेतजमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्याला जामीनदार म्हणून स्वीकारावे, अथवा जामिनाची अट शिथिल करून मला जातमुचलक्यावर सोडावे, ही विनंती."

वर कोर्टाचं नाव, केस नंबर, बंदी क्रमांक, अटकेची तारीख. खाली "कारागृह अधीक्षकांमार्फत". मग लेकरं, बायको, सातवीतली मुलगी. त्याने मला ते दोनदा वाचायला लावलं. "दुसऱ्या जिल्ह्यात" या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, हे लिवलं तर बिघडंल का? नाही बिघडणार. त्याच शब्दांवर तर सगळा अर्ज उभा आहे.

हे मी धीर द्यायचा म्हणून बोलले नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जामीन मिळाला, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे साफ चुकीचं ठरवलं आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट करून सांगितलं. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहात पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर अट शिथिल करायची का, हे कोर्ट आपणहून पाहू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट सुटका लांबवते, तेव्हा ती घालू नये, असंही त्यात सुचवलेलं आहे.

एवढं सगळं असताना तो बहात्तर दिवस आत होता. मला त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

शीला बारसे या पत्रकार बाईंचं नाव मी आत नेहमी घेते, बायकांच्या बराकीत तर आवर्जून. मुंबईच्या पोलीस कोठडीत स्त्रियांना मारहाण होते, असं त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या संचालिका ए. आर. देसाई यांना मुंबईच्या कारागृहात जाऊन स्त्री बंद्यांशी बोलायला सांगितलं, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. त्यातला एक निर्देश मला तोंडपाठ आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारी पत्रकं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावीत, पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत चिकटवावीत, आणि माणूस ठाण्यात आणल्या आणल्या त्याला कळेल त्या भाषेत ती वाचून दाखवावीत. वाचून दाखवावीत! ज्यांनी हे लिहिलं त्यांना पक्कं ठाऊक होतं की भिंतीवरचा कागद अर्ध्या लोकांना वाचता येणार नाही.

हा निर्देश वाचल्यापासून मी दर नव्या बंद्याला एकच प्रश्न विचारते, तुम्हाला ठाण्यात काही वाचून दाखवलं का? बहुतेक जण "सही घेतली" एवढंच सांगतात.

आमच्या केंद्रात एक कपाट आहे. त्यात कायद्याची जाड पुस्तकं आहेत, बहुतेक इंग्रजी. मी इतकी वर्षं जाते, बंद्याच्या हातात त्यातलं एक पुस्तक पाहिलेलं नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही एक वही केली. प्राधिकरणाच्या वकीलबाई, मी आणि तो लेखनिक. मोठं अक्षर, झेरॉक्स, मध्ये दोन पिना. बराकीत फिरते, कोपरे काळे पडलेत, एका प्रतीचं मलपृष्ठ बिडीच्या ठिणगीने जळलंय. काही पानं नुसते अर्जाचे नमुने आहेत, गाळलेल्या जागा भरा तसे. शिक्षा झालेल्यांसाठी संचित रजा आणि अभिवचन रजेचे, म्हणजे ज्यांना आत सगळे फर्लो आणि पॅरोल म्हणतात त्यांचे. सरकारी खर्चाने वकील मागण्याचा नमुना पहिल्याच पानावर आहे, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येकाला तो हक्क आहे, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. घरच्यांना सांगण्यासाठी १५१०० हा नंबर प्रत्येक पानाच्या तळाला आहे.

सर्वांत जास्त हात लागलेलं पान मात्र कलम ४७९ चं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते आलं. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल, तर त्याला बाँडवर सोडायचं. इतरांसाठी ती मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तरीही अडतं, हे आम्ही ठळक अक्षरात लिहिलंय. खोटी आशा ही आत फार महाग पडते. पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने अधीक्षकांवरच टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या केसेसनाही लागू असल्याचं सांगितलं. त्या पानाखाली लेखनिकाने स्वतःहून एक हिशोब मांडून ठेवलाय: तीन वर्षांची शिक्षा असेल तर बारा महिने, सात वर्षांची असेल तर अठ्ठावीस. लोक अटकेची तारीख पेन्सिलीने शेजारी लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात.

मागच्या पानावर दोन गोष्टी सांगितल्यात. एक होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. निकालाची प्रत बंद्याला वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे आणि ती मिळाल्याची त्याची सही घेतली पाहिजे, हे त्यात ठरलं. प्रत नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार? दुसरी प्रभाकर संझगिरींची. भारत संरक्षण नियमांखाली ते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूविषयी एक विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, मराठीत. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. ते उच्च न्यायालयात जिंकले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. ही गोष्ट वाचून दाखवली की बराकीत शांतता होते. एकाने विचारलं होतं, मराठीतच लिवलं होतं? मराठीतच, म्हटलं.

आता आवक नंबराचं. अर्ज लिहून झाला की निम्मंच काम होतं. तो कार्यालयात द्यायचा, आवक रजिस्टरला नोंद करून घ्यायची, आणि आपल्या प्रतीवर नंबर व तारीख मागून घ्यायची. मागायला लोक बिचकतात. बाबा, म्हणजे आतले शिपाई, चिडतील, नाव डोळ्यांवर येईल. ही भीती उगाच नाही, त्यांना तिथेच झोपायचं असतं. म्हणून आम्ही नंबर मागण्याचंही वाक्य वहीत लिहून ठेवलंय, अगदी नम्र: "साहेब, माझ्या प्रतीवर आवक नंबर टाकून द्यावा." सुनील बात्रा हा तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला बंदी. दुसऱ्या एका बंद्यावर झालेल्या छळाबद्दल त्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. म्हणजे आतून लिहिलेला साधा कागदही थेट तिथवर पोचतो. पण निघाला कधी आणि कुठे थांबला, हे दाखवायला नंबर लागतो.

ऊसतोडवाल्या दादाच्या अर्जावर नंबर पडला. मी प्राधिकरणाच्या सचिवांकडे वेगळं कळवलं, वकीलबाईंनी कोर्टात तारीख घेतली. सोळाव्या दिवशी जामीनदाराची अट निघाली, आणि संध्याकाळी तो बाहेर पडला. भाऊ न्यायला आला होता, हातात तोच सातबारा. गेटच्या बाहेर दोघे कडुनिंबाखाली बराच वेळ बसून राहिले. बस सुटायला अवकाश होता.

जायच्या आधी त्याने आपली प्रत बराकीत कुणाला तरी दिली होती, हे मला नंतर कळलं. पुढच्या बुधवारी माझ्यासमोर तीन अर्ज आले. तीन वेगवेगळी अक्षरं, त्यातलं एक अगदी नवशिक्याचं, काना-मात्रा सुटलेलं. तिन्हींची पहिली ओळ तीच: "मा. न्यायालयाने अमुक तारखेला या गुन्ह्यात माझा जामीन मंजूर केला आहे." फक्त तारखा वेगळ्या होत्या. एक एकोणीस दिवसांपूर्वीची, एक दीड महिन्यापूर्वीची. तिसरी मार्चमधली होती. मी रजिस्टर उघडलं आणि लेखनिकाला म्हटलं, मार्चवाल्याला आधी बोलवा.