फुटावं म्हणूनच बांधलेलं गुपित

गुपित राखायचं असतं, हे लहान मुलालाही कळतं. बुद्धिमत्ता चाचणीतलं 'सांकेतिक भाषा' नावाचं प्रकरण मात्र उलट्या रीतीचं आहे. इथे गुपित बांधणाराच ते मिनिटाभरात फुटावं म्हणून झटत असतो. अमुक शब्द अमुक असा लिहिला, तर तमुक शब्द कसा लिहाल? खाली चार पर्याय आणि उत्तर त्यांतच. शत्रूच्या हाती पडलेल्या चिठ्ठीखाली चार अर्थ छापून 'यांपैकी एक बरोबर आहे' असंही लिहिलेलं असतं, तर किती लढाया सुरू होण्याआधीच संपल्या असत्या!

तरी कूळ खानदानी आहे. ज्युलियस सीझर खासगी मजकुरात प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहायचा, 'ए'च्या जागी 'डी', असं त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. आज हाच 'अधिक तीन'चा प्रश्न उमेदवाराची भीड चेपावी म्हणून सुरुवातीला ठेवतात. सीझरचा वारस ऑगस्टस एकच घर पुढे सरकायचा आणि तेव्हाचं शेवटचं अक्षर 'एक्स' आलं की पुन्हा 'ए'वर न येता सरळ दोन 'ए' लिहून मोकळा व्हायचा. शेवटच्या अक्षरानंतर पुन्हा पहिलं येतं, वर्णमाला गोल असते, हे कुठल्याही क्लासच्या पहिल्या तासाला सांगतात. सम्राटाचं त्यावाचून काही अडलं नाही.

आपलं अडतं ते दुसरीकडेच. इंग्रजी वर्णमाला आपण गाण्यासारखी, एकाच दिशेने पाठ केलेली असते. 'क्यू'च्या आधी काय, असं कुणी विचारलं की 'एल-एम-एन-ओ-पी' असं मागून पळत यावं लागतं. म्हणून अनुभवी उमेदवार पेपर हातात पडताच कच्च्या कागदावर सव्वीस अक्षरं लिहून त्यांखाली आकडे मांडतो. त्याहून अनुभवी असतो तो 'इजोटी' म्हणतो आणि कामाला लागतो. ई पाचवा, जे दहावा, ओ पंधरावा, टी विसावा, वाय पंचविसावा. दर पाचव्या घरावर एक खुंटी ठोकली की कुठलंही अक्षर दोन पावलांत सापडतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याचं नाव कुठेच येत नाही, पण किती जणांचे गुण त्याने वाचवले असतील!

उलट्या क्रमाच्या जोड्यांसाठीही अशीच सोय आहे. ए ला झेड, बी ला वाय, सी ला एक्स. बी-वायचा 'बॉय', एच-एसचं 'हायस्कूल', जे-क्यूचे 'जॅक-क्वीन', एल-ओचं 'लव्ह' आणि अगदी मधोमध एम-एनचा 'मॅन'. कुठल्याही जोडीची बेरीज 27 येते, हे कळलं की या सगळ्या परिवाराची गरज उरत नाही. पण घाईच्या वेळी 27 मधून 19 वजा करण्यापेक्षा हायस्कूल आठवणं सोपं जातं. ही युक्तीही जुनीच. हिब्रू भाषेत तिला अतबाश म्हणतात. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात 'शेशख' नावाच्या राज्याचा उल्लेख येतो. हिब्रू अक्षरं उलट्या क्रमाने बदलून पाहिली की ते 'बाबेल' निघतं, म्हणजे बॅबिलॉन.

हाच खेळ आपल्या वर्णमालेत मांडून पाहिला की वेगळीच गंमत होते. 'कमळ' एक घर पुढे सरकवलं की 'खयक्ष' होतं. एखाद्या चिडक्या यक्षाचं नाव वाटावं असं. पण 'बाग' सरकवली की 'भाघ' होते आणि 'गप' सरकवलं की 'घफ'. गुपित कसलं, सर्दी झालेल्या माणसाचं बोलणं! इंग्रजीत बी च्या शेजारी सी का बसला, याचं उच्चारात काही कारण सापडत नाही. आपली अक्षरं तोंडातल्या जागांप्रमाणे, वर्गांत बसवलेली. शेजारी-शेजारी बसलेल्यांत कित्येकदा एका श्वासाचंच अंतर, त्यामुळे एका घराने लपवलेला शब्द लगेच ओळखू येतो. शिवाय काना-मात्रांचा प्रश्न आहेच. 'बाग'मधला काना जागीच ठेवायचा, की तोही पुढे सरकवून 'भिघ' करायचं? सांकेतिक भाषेचे प्रश्न मराठी माध्यमाच्या पेपरातही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांतच येतात, त्यामागे ही सोय असावी असा माझा अंदाज आहे.

जुन्यांना मात्र आपल्या अक्षरांचं वावडं नव्हतं. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' ही सांकेतिक लेखनाची कला आहे आणि टीकाकार यशोधर तिच्यातला 'मूलदेवीय' प्रकार सांगतो. त्यात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात: ख ला ग, च ला ट, त ला प, आणि उलटही तसंच. म्हणजे 'पट'चा 'तच' झाला. महानुभावांनी तर आपले ग्रंथच सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतकं वाचता येत नव्हते; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली शोधली. त्यांना कुणी चार पर्याय दिले नव्हते.

सव्वीस अक्षरं मनाला येतील तशी अदलाबदल करायची म्हटली, तर त्याचे प्रकार होतात 4 वर 26 शून्यं ठेवली तर येईल एवढे. एकेक करून पाहणं शक्यच नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने यावर तोड काढली. कुठलं अक्षर किती वेळा आलंय ते मोजा, भाषेत सगळ्यांत जास्त येणारं अक्षर कोणतं ते पाहा आणि दोन्ही जुळवा. पण त्यासाठी पानभर मजकूर हवा. परीक्षेत मिळतो पाच अक्षरांचा एक शब्द. त्यात मोजणार काय? म्हणून प्रश्न काढणाऱ्याला मनमानी अदलाबदल करताच येत नाही. त्याला काहीतरी नियम पाळावा लागतो, आणि तोही आपल्याला सुचेल असा. अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन. किंवा आधी शब्द उलटा, मग एक घर मागे. किंवा स्वरांना एक न्याय, व्यंजनांना दुसरा. यापलीकडे त्याची धाव सहसा जात नाही आणि जाऊही नये.

त्याचा हात मोकळा सुटतो तो वाक्यांच्या प्रश्नांत. 'टिक पो ला' म्हणजे 'मुलगा शाळेत जातो' आणि 'पो नी रा' म्हणजे 'मुलगा खूप हसतो', तर 'मुलगा' कोणता? दोन्हीकडे 'पो' आहे, म्हणून पो. शांपोलियन या फ्रेंच अभ्यासकाने 1822 मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली, तेव्हा टॉलेमी आणि क्लिओपात्रा या दोन नावांतली सामाईक अक्षरं त्याला अशीच उपयोगी पडली. आता 'शाळेत' म्हणजे टिक की ला? सांगता येणार नाही, मराठीतला शब्दक्रम त्या भाषेत असेलच असं कुठे आहे? अशा वेळी 'माहिती अपुरी आहे' हा पर्याय असतो. मला तो संपूर्ण पेपरातला सर्वांत सभ्य पर्याय वाटतो. पण त्यावर खूण करताना हात कचरतो, आपलंच काहीतरी वाचायचं राहिलंय असं वाटत राहतं.

रंगांचा प्रश्न त्याहून खट्याळ. पांढऱ्याला निळा म्हटलं, निळ्याला लाल, लालला पिवळा, तर रक्ताचा रंग कोणता? पिवळा. यात गणित नाही, बेरीज नाही, नुसतं जिभेवर आलेलं 'लाल' गिळून टाकायचं असतं. हुशार माणसं इथे जास्त अडखळतात असं मी पाहिलंय, कारण त्यांना रक्ताचा रंग फार पक्का ठाऊक असतो.

या सगळ्यांत माझा लाडका प्रश्न आकड्यांचा आहे, आणि तो बराच फिरलेला आहे. 'गो' म्हणजे 32, 'शी' म्हणजे 49, तर 'सम' म्हणजे किती? (इंग्रजी स्पेलिंगं घ्यायची: जी-ओ, एस-एच-ई, एस-ओ-एम-ई.) 'गो'ची सरळ बेरीज 7 अधिक 15, म्हणजे 22. दहा मिळवले की 32. सुटलं! पण 'शी'ची बेरीज 32 येते आणि तिथे दहा मिळवून भागत नाही, सतरा लागतात. मग माणूस थबकतो, झेडकडून उलटं मोजून पाहतो. जी 20, ओ 12, मिळून 32. एस 8, एच 19, ई 22, मिळून 49. 'सम'चे होतात 56. पानाआड बसलेल्या कुणीतरी मान डोलावल्याचा भास होतो.

पण थांबा. दोन अक्षरांना दहा मिळवले, तीन अक्षरांना सतरा, म्हणजे दर अक्षराला सात वाढले. मग चार अक्षरांना चोवीस मिळवायचे. 'सम'ची सरळ बेरीज 52, उत्तर 76. हा नियमही दिलेल्या दोन्ही उदाहरणांना बिनचूक लागू पडतो. त्याला खोटं ठरवेल असं प्रश्नात काहीच नाही. आणखी खटपट केली तर तिसराही नियम सापडेल, चौथाही. तरीही 56 च बरोबर, कारण उलटं मोजणं आपल्यालाही सुचतं आणि त्यालाही सुचलेलं असतं. तेव्हा आपण उलगडतो ती भाषा नसतेच; पेपर काढणारा किती वाकडं चालेल, याचा आपण अंदाज घेत असतो.

त्यानेही आपला अंदाज घेतलेला असतो, हे पर्यायांत दिसतं. 52 बहुधा असतोच, सरळ बेरीज करून समाधान पावलेल्यांसाठी. 62 ही असतो, 'गो'वरून दहा उचलून 'शी'कडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांसाठी. 55 किंवा 57 असतो, बोटांवर मोजताना एक घर चुकलेल्यांसाठी. 76 मात्र कुठे सापडत नाही. तिथवर पोचलेल्याने चारही पर्याय पुन्हा एकदा पाहावेत, नाइलाजाने 56 चा गोल काळा करावा आणि पुढे सरकावं. कारण पुढच्या प्रश्नात एक बाई एका फोटोकडे बोट दाखवून म्हणत असते, 'हा माझ्या सासूच्या एकुलत्या एका मुलाच्या मुलीचा मामा.'