पर्यटक कमी करणारे गाव : जावा बेटावरील न्ग्लांगेरान

2014 साली न्ग्लांगेरान या जेमतेम अडीच हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावात सव्वातीन लाखांहून अधिक पर्यटक आले, आणि गावाने ठरवले की एवढी गर्दी आपल्याला झेपणारी नाही. तिकिटाचा दर वाढवण्यात आला, एका दिवसात डोंगर चढून परत जाणाऱ्यांऐवजी गावात मुक्काम करणाऱ्यांकडे लक्ष वळवण्यात आले आणि पुढच्या तीन वर्षांत पर्यटकांची संख्या निम्म्याहून खाली आली. उत्पन्न मात्र वाढत गेले. इंडोनेशियाचे पर्यटन म्हणजे बाली, हे समीकरण मनात घेऊन निघालेल्या मला या गावाची ओढ लागली ती या निर्णयामुळे. डोंगर आणि तलाव यांची माहिती नंतर झाली.

न्ग्लांगेरान हे जावाच्या दक्षिण भागात, योग्याकार्ता विशेष प्रदेशातील गुनुंगकिदुल जिल्ह्यात, पातुक तालुक्यात येते. भारतातून जाणाऱ्याला जकार्ता किंवा बालीमार्गे योग्याकार्ता गाठता येते. तिथला नवा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बराच दूर, कुलोन प्रोगो जिल्ह्यात आहे. पण तिथून शहरातील तुगू स्थानकापर्यंत रेल्वे धावते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचवते, त्यामुळे अंतराची चिंता करण्याचे कारण नाही. शहरापासून गाव साधारण 25 किलोमीटरवर आहे. वोनोसारीकडे जाणाऱ्या रस्त्याने पातुकचा घाट सुरू झाला की मागे योग्याकार्ताचे संपूर्ण मैदान दिसू लागते. या वळणांवरील उपाहारगृहांची रांग रात्री दिव्यांचा देखावा पाहणाऱ्यांनी भरलेली असते. घाट संपल्यावर डावीकडे आत वळायचे. शेजारच्या गावातील दूरचित्रवाणीचे उंच मनोरे लांबूनच खूण देतात. ते दिसायला सुंदर नाहीत, पण रस्ता चुकू देत नाहीत.

गाव पाच वाड्यांचे आहे आणि त्याच्या डोक्यावर ‘गुनुंग आपी पुर्बा’, म्हणजे प्राचीन ज्वालामुखी, उभा आहे. उत्तरेला स्वच्छ सकाळी दिसणारा मेरापी हा ज्वालामुखी आजही धुमसतो. हा मात्र केव्हाच विझलेला आहे. त्याच्या वयाबद्दल स्थानिक मार्गदर्शक सहा-सात कोटी वर्षांचा आकडा सांगतात. भूशास्त्रीय नकाशे याला ऑलिगोसीन-मायोसीन काळात, म्हणजे ढोबळमानाने दोन ते तीन कोटी वर्षांपूर्वी, ठेवतात. मला दुसरा आकडा अधिक पटतो, आणि त्याने डोंगराचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. सह्याद्रीतील थरांवर थर रचलेल्या काळ्या बेसॉल्टची सवय झालेल्या डोळ्यांना इथला खडक वेगळा वाटतो: ज्वालामुखीने फेकलेले लहानमोठे धोंडे राखेच्या गाऱ्यात घट्ट बसून तयार झालेला हा खडबडीत खडक आहे आणि त्याचे उभे सुळके सातशे मीटरपर्यंत उंची गाठतात. हा परिसर 2015 पासून युनेस्कोच्या गुनुंग सेवू जागतिक भूउद्यानाचा भाग आहे. चढाई अवघड नाही, साधारण तास-दीड तासाची आहे. फक्त सुम्पितान नावाच्या खडकातील फटीतून जाताना पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागते.

डोंगराविषयीची कथा प्रत्येक यजमान आपापल्या परीने सांगतो. सुगीनंतर गावात वायांग, म्हणजे छायाबाहुल्यांचा खेळ, ठेवला होता. काही वात्रट तरुणांनी बाहुल्या मोडल्या आणि सूत्रधाराने शाप देऊन त्यांनाच बाहुल्या करून डोंगरावर भिरकावले. आजही डोंगराचे राखणदार म्हणून सेमार, गारेंग, पेत्रुक आणि बागोंग यांची नावे घेतली जातात. महाभारत आपल्याला पाठ आहे असे समजणाऱ्या मराठी माणसाला हे चौघे अनोळखी असतात, कारण पांडवांचे हे विनोदी पण शहाणे सेवक जावाने स्वतः निर्माण केलेले आहेत.

हा डोंगर नव्वदच्या दशकापर्यंत बराचसा उघडा पडला होता. दगड फोडणे, लाकूड तोडणे आणि पावसावरची शेती यांवर गाव कसेबसे चालत होते आणि तरुण शहराकडे जात होते. 1999 च्या सुमारास गावातील कारांग तारुना, म्हणजे तरुण मंडळाने, डोंगरावर झाडे लावायला आणि येणाऱ्यांकडून नाममात्र पैसे घ्यायला सुरुवात केली. 27 मे 2006 च्या भूकंपाने योग्याकार्ता परिसरात पाच हजारांहून अधिक बळी घेतले; त्या धक्क्यानंतर या कामाची पुन्हा नव्याने बांधणी करावी लागली. पुढे व्यवस्थापन ‘पोकदारविस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या पर्यटन गटाकडे आले. सुरुवातीला काहीशे रुपिया असलेले तिकीट टप्प्याटप्प्याने पंधरा हजार रुपियांवर, म्हणजे आपल्या सुमारे ऐंशी रुपयांवर, नेण्यात आले. 2014 मध्ये सव्वातीन लाख लोकांकडून मिळालेली रक्कम 1.4 अब्ज रुपिया, म्हणजे आपले जेमतेम पाऊण कोटी रुपये होती. एवढ्या लोकांचा कचरा, पायवाटांची झीज आणि पार्किंगचा गोंधळ यांच्या तुलनेत ही मिळकत किरकोळच म्हणावी लागेल. हा हिशेब गावाने स्वतः मांडला, हे मला विशेष वाटते. 2017 मध्ये आसियानचा समुदायाधारित पर्यटनाचा पुरस्कार आणि 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा ‘सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव’ हा मान मिळाला, तो या बदलानंतर.

मी ज्या घरी उतरलो ते घर हॉटेलचे अनुकरण करत नव्हते, ही त्याची जमेची बाजू होती. खोली स्वच्छ होती, स्नानगृहात पाण्याचा हौद आणि त्यावर तांब्यासारखे प्लास्टिकचे भांडे होते, आणि यजमानीणबाईंना सगळे पाहुणे ‘बू’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. पाहुणे कोणत्या घरी उतरणार हे पर्यटन गट पाळीपाळीने ठरवतो, त्यामुळे गुळगुळीत फरशीच्या घराला सगळे गिऱ्हाईक आणि शेजारच्याला काहीच नाही, असे होत नाही. जेवणात लाल तांदळाचा भात, हिरव्या मिरचीची नारळाच्या दुधातील भाजी, तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचे थिवुल होते. गुनुंगकिदुल हा चुनखडीचा, पाणी न धरणारा प्रदेश. तांदूळ परवडत नसे तेव्हा हेच थिवुल पोटाला आधार असे आणि आता ते पाहुण्यांसाठी हौसेने केले जाते. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, परंतु कोळंबीची वाटलेली चटणी, तेरासी, भाजीत आणि साम्बाल या मिरचीच्या चटणीत सहज मिसळलेली असते, त्यामुळे ते आधीच स्पष्ट सांगावे. जिल्ह्याची ख्याती असलेले तळलेले नाकतोडे आग्रहाने पुढे केले जातात. मी ते आदराने नाकारले.

गावाचे खरे अर्थकारण समजून घ्यायचे तर डोंगरापेक्षा परसातील कोकोच्या झाडांकडे पाहावे. ऐंशीच्या दशकापासून सरकारी रोपांमधून ही लागवड वाढली. नारळ आणि केळी यांच्या सावलीत, घराघरामागे, थोडी थोडी झाडे आहेत. सलग मळा असा फारसा दिसत नाही. वर्षानुवर्षे शेतकरी बिया घाईघाईने वाळवून व्यापाऱ्याला विकत आणि भाव व्यापारी ठरवे. चॉकलेटचा स्वाद मात्र बिया पाच-सहा दिवस लाकडी पेट्यांत आंबवल्यानंतरच तयार होतो, आणि तेवढे दिवस थांबायला हातात पैसा लागतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रिया चोकलात’ या केंद्राने ही साखळी गावातच पुरी केली: आंबवणे, भाजणे, दळणे आणि विकणे. तिथे कोकोची पेयपूड, चॉकलेटमध्ये बुडवलेली केळ्याची वेफर आणि कोकोचा दोदोल, म्हणजे चिकट वडीसारखा पदार्थ, तयार होतो. पाहुण्यांना स्वतः चॉकलेट करून पाहण्याची सोय आहे आणि तिचे स्वतंत्र पैसे घेतले जातात, ते योग्यच आहे.

कोकोच्या त्या पेयपुडीत बकरीचे दूधही मिसळले जाते आणि इथे भारताचा एक खराखुरा धागा सापडतो. गोठ्यातील लांब कानांच्या, बाकदार नाकाच्या शेळ्यांना इथे ‘एतावा’ म्हणतात. उत्तर प्रदेशातील इटावा परिसरातील जमनापारी शेळ्या डच राजवटीत जावात आणल्या गेल्या आणि स्थानिक जातीशी संकर होऊन ही दुभती शेळी तयार झाली. दुधासाठी शेळी, शेळीसाठी कोकोच्या फळांची टरफले व झाडपाला, आणि झाडांसाठी लेंडीखत, असे हे चक्र बंद बसलेले आहे. न विकल्या गेलेल्या ताज्या दुधाची पावडर होऊ लागल्यापासून नासाडी कमी झाली.

सपाट केलेल्या एका टेकडीच्या माथ्यावर ‘एम्बुंग’ आहे. बाली-जावाच्या छायाचित्रांत दिसणारा हा निळा तलाव मुळात शेततळेच आहे: तळाला प्लास्टिकचे जाड आवरण, त्यात साठवलेले पाणी आणि खालच्या उतारावरील डुरियन व लाँगन या फळझाडांच्या बागेला उताराने मिळणारे सिंचन. 2013 मध्ये प्रदेशाचे राज्यपाल असलेले सुल्तान हमेंगकुबुवोनो दहावे यांनी त्याचे उद्घाटन केले. सूर्यास्ताला काठावर गर्दी होते. पाण्यात उतरण्यास मनाई आहे.

डोंगराच्या पूर्व अंगाला, वर, काम्पुंग पितू ही वाडी आहे, जिथे सात कुटुंबांपेक्षा अधिक कुटुंबांनी राहायचे नाही असा दंडक आहे. आठवे कुटुंब झाले तर त्याने खाली जायचे. श्रद्धा म्हणून हा नियम पाळला जातो, पण माथ्यावरच्या मर्यादित पाण्याकडे आणि तुटपुंज्या सपाट जमिनीकडे पाहिले की त्यामागचा व्यवहारही दिसतो. खालच्या गावाने तिकीट वाढवून जे केले ते वरच्या वाडीला नवीन नव्हते, असे माझे मत झाले.

आता गुंतवणुकीविषयी, कारण पुण्या-मुंबईतील काही ओळखीचे लोक ‘तिकडे जमीन स्वस्त आहे का’ असेच पहिल्यांदा विचारतात. जमीन घेता येत नाही, हे सरळ उत्तर आहे. 1960 च्या मूलभूत भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन कागदावर आपला हक्क ठेवण्याची युक्ती दलाल सुचवतात. त्याच कायद्याच्या 26 व्या कलमानुसार असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. योग्याकार्तात याहून एक पायरी अधिक आहे. 2012 च्या विशेष दर्जाच्या कायद्याने सुल्तानाच्या गादीच्या जमिनींना मान्यता दिली आहे आणि गावाच्या सामाईक जमिनीचा वापर करायचा तर राज्यपालांची, म्हणजे सुल्तानांचीच, परवानगी लागते. अशा जमिनीवर परवानगीबाहेर घरे बांधून विकल्याची प्रकरणे शेजारच्या स्लेमान जिल्ह्यात उघड झाली आणि एका ग्रामप्रमुखाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा ग्रामपंचायतीने ‘हो’ म्हटले म्हणजे काम झाले, असे समजू नये.

परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर गुंतवणुकीचा आराखडा जमीन व इमारती वगळून दहा अब्ज रुपियांहून, म्हणजे सव्वापाच-साडेपाच कोटी रुपयांहून, अधिक असावा लागतो. ज्या गावाची पर्यटनाची वार्षिक मिळकत याच्या छोट्या अंशाएवढी आहे, तिथे असा प्रकल्प कायद्यात बसला तरी गावात बसणार नाही. चार-सहा खोल्यांचा मुक्काम हा व्यवसाय त्या मर्यादेच्या इतका खाली आहे की तो आपोआप गावकऱ्यांसाठी राखीव राहतो. मला हे वाईट वाटत नाही. कोकणात समुद्राकाठच्या जमिनी विकून मूळ मालक त्याच जागेवर पहारेकरी झाल्याची उदाहरणे आपण पाहिली आहेत.

मग पैसा लावायचाच असेल तर तो मालकीच्या बाहेर लावावा. कोकोचा जागतिक भाव डिसेंबर 2024 मध्ये टनाला बारा हजार डॉलरच्या वर गेला होता आणि त्यानंतर घसरला. अशा चढउतारात छोट्या केंद्राला सर्वांत अधिक गरज असते ती ठरलेल्या दराच्या खात्रीशीर मागणीची. भारतातील एखाद्या चॉकलेट उत्पादकाने आंबवलेल्या बियांची वा पुडीची आगाऊ रक्कम देऊन वर्षभराची खरेदी ठरवली, तर शेतकऱ्याला पेट्यांत बिया पाच दिवस ठेवणे परवडते. मात्र परसातील झाडांतून मोठा कंटेनर भरत नाही, प्रत घरागणिक बदलते आणि खाद्यपदार्थ आयातीचे भारतातील नियम वेळखाऊ आहेत, हे आधीच धरून चालावे. सहल कंपन्यांसाठी मार्ग सोपा आहे: बोरोबुदुर व प्रंबानन ही प्राचीन मंदिरे पाहून निघून जाणाऱ्या गटांना दोन रात्री इथे ठेवणे. गट लहान ठेवावा आणि आरक्षण पर्यटन गटामार्फतच करावे. घरमालकाशी परस्पर सौदा केल्यास पाळीची पद्धत मोडते आणि पुढच्या वेळी स्वागत थंड होते.

भारतीय पारपत्रावर विमानतळावर पाच लाख रुपियांत तीस दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ डोंगर चढण्यासाठी आणि मेरापी दिसण्यासाठी उत्तम आहे, पण तेव्हा भातखाचरे सुकलेली असतात आणि खाचरांतून उतरणारा केदुंग कांदांग धबधबा जवळपास नाहीसा झालेला असतो. पावसाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, धबधबा वाहतो आणि डुरियनही पिकतो; खडक मात्र निसरडा होतो आणि दुपारनंतर वर जाऊ देत नाहीत असे दिवस येतात. शनिवार-रविवार टाळावा, कारण तिकीट वाढले असले तरी योग्याकार्तातील विद्यार्थ्यांचे मोटारसायकलींचे थवे त्या दोन दिवसांत येतातच. रोख रुपिया शहरातूनच आणावे.