सोलो सुरू झाला की बास गायब

मुंबईतला अडीचशे माणसांचा हॉल, संध्याकाळचा साउंडचेक, मिक्सिंग कन्सोलवर मी. स्टेजवर तिघंच: गिटार, बास, ड्रम्स. गिटारवालाच गातो. पहिलं कडवं चोख वाजलं. मग सोलो आला, बासवाल्याने आवाज फाटका करणारं ओव्हरड्राइव्हचं पेडल दाबलं आणि हॉलमधला आवाज एकदम पोकळ झाला. वर गिटार, खाली बासचा नुसता चरचराट. अंग म्हणून काही उरलंच नाही.

चार-पाच जणांच्या बँडमध्ये असा खड्डा कीबोर्ड किंवा दुसरी गिटार झाकून टाकते. ब्लूज-रॉकच्या त्रिकुटात झाकायला कुणी नसतं. १९६६ साली लंडनमध्ये क्रीम हे त्रिकूट जमलं, तेव्हाही हेच गणित होतं. गिटारवर एरिक क्लॅप्टन सोलोत शिरला की बासवरचा जॅक ब्रूस ठेका धरून मागे राहत नसे. त्याचा फाटका, जाड बास गिटारशी भांडत पुढे यायचा. बासला ओव्हरड्राइव्ह लावायचा तो त्यासाठीच. बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. पेडलमुळे तिचे वरचे उपस्वर फुलतात आणि सोलोसाठी वर गेलेल्या गिटारने मोकळी सोडलेली मधली जागा भरून निघते. आमच्याकडे नेमकं त्याच क्षणी उलट होत होतं.

"दादा, सबचा ड्रायव्हर गेला असेल का?" मदतनीस पोराने विचारलं. पण किक ड्रम छातीत नीट बसत होता, म्हणजे सब, खालच्या स्वरांचा स्पीकर, ठीक. बासचे दोन चॅनल होते: एक डीआय बॉक्समधून, म्हणजे बासचा सिग्नल अँपशिवाय थेट कन्सोलला देणाऱ्या डबीतून; दुसरा बासच्या स्पीकर कॅबिनेटसमोरच्या माइकचा. दोन्हींचे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, ६ डेसिबलने (डीबी) वर नेले. चरचराट वाढला, अंग आलं नाही. अशा वेळी ईक्यूवर, स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर, हात जातो आणि १०० हर्ट्झ उचलला जातो; तो वेळ फुकट जातो. जे आपसात कटून गेलंय ते उचलून परत येत नाही.

स्टेजवर जाऊन कॅबिनेटसमोर उभा राहिलो, तर बास भरदार. बासवाला म्हणाला, "मला तर मस्त येतंय." त्याचं बरोबरच होतं, कारण त्याला फक्त अँप ऐकू येत होता. खाली येऊन डीआय म्यूट केला आणि अंग लगेच परतलं.

डीआय पेडलच्या आधी लावलेला होता, आणि हे पेडल सिग्नलची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटवत होतं. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटचा एक टप्पा सिग्नल उलटा करतो, दुसरा पुन्हा सुलटा. टप्पे विषम असले की बाहेर उलटाच येतो. पेडल बंद असताना डीआय आणि माइक एका दिशेने ढकलत होते. चालू झालं की डीआय सुलटा, माइक उलटा. खालचे स्वर दोघांत सारखेच, ते एकमेकांना खाऊन टाकत. उपस्वर फक्त माइकमध्ये, म्हणून चरचराट तेवढा शिल्लक.

कन्सोलवर माइकची पोलॅरिटी उलटवली तर सोलो सुधारतो आणि कडवं बिघडतं. म्हणून तो मार्ग सोडला. डीआय बॉक्स उचलून शेवटच्या पेडलनंतर ठेवला आणि त्याच्याच थ्रू जॅकमधून, जिथून सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो, अँपला केबल दिली. आता पेडल उलटवो वा न उलटवो, दोन्ही वाटा एकत्रच वळतात. एक किंमत मात्र मोजावी लागते: ओव्हरड्राइव्ह थेट डीआयमधून आला की मधमाश्यांसारखा गुणगुणतो, कारण स्पीकरचा पडदा जे वरचं कापतो ते तिथे कापलं जात नाही. त्या चॅनलला ३ किलोहर्ट्झवर लो-पास, त्यावरचं कापणारा फिल्टर, लावला; वरचा रंग माइकवर सोडला. मग पेडल बंद आणि चालू, दोन्ही स्थितींत पोलॅरिटीचं बटण दाबून पाहिलं. दोन्ही वेळा सुलट्यातच आवाज जाड होता. पेडलची लेव्हल बासवाल्याने कानाने जुळवली, म्हणजे पाय पडला की आवाज उडी मारणार नाही.

रात्री त्याच गाण्याचा सोलो आला. पेडलचा लाल दिवा लागला, गिटार वर गेली आणि बास तिच्याखाली रुंद पसरला. रिकामी जागाही ऐकू येत होती, पण ती ड्रमरने मुद्दाम सोडलेली. ती डिलेच्या प्रतिध्वनीने भरायची नाही. त्रिकुटाचा श्वास तिथेच असतो. गिटार २ डीबीने वर केली, बासच्या फेडरला हात लावला नाही.

सामान बांधताना मदतनीसाने डीआयवर पांढरी टेप चिकटवून मार्करने लिहिलं: "पेडलनंतर". नाहीतर सवयीने तो पुन्हा पेडलच्या आधीच लागतो.