आपल्याच देशाविरुद्ध युनोत गेलेली खासदार, आता त्याच संसदेची स्पीकर

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमून, समुद्र आणि फार तर तिथली मराठी मंडळी आणि गणपती (गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते!) एवढंच बोललं जातं. मला आज शिरीन ओमीरुद्दी-सिफ्रा यांच्याबद्दल लिहायचंय. पेशाने वकील, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मॉरिशसच्या नॅशनल असेंब्लीच्या स्पीकर झाल्या. माया हनुमानजींनंतर त्या खुर्चीत बसलेली ही दुसरीच बाई. पण मला खरं कौतुक त्यांच्या 1977-78 सालच्या गोष्टीचं आहे.

1976 च्या निवडणुकीत त्या एमएमएम (मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट) पक्षाकडून निवडून आल्या. पक्षाला सगळ्यात जास्त जागा मिळाल्या पण बाकीच्यांनी मिळून सरकार केलं, त्यामुळे या विरोधी बाकांवर. आणि 1977 मध्ये त्याच सभागृहाने इमिग्रेशन आणि डिपोर्टेशनचे कायदे बदलले. आधी मॉरिशसच्या माणसाशी लग्न केलेला परदेशी नवरा काय किंवा बायको काय, दोघांनाही तिथे राहायचा हक्क होता. नव्या कायद्यात परदेशी बायकांचा हक्क तसाच ठेवला आणि परदेशी नवऱ्यांचा तेवढा काढून घेतला, म्हणजे आता नवऱ्याने परमिटसाठी अर्ज करायचा, ते द्यायचं की नाही ते मंत्री ठरवणार, आणि मनात आलं तर देशाबाहेरही काढणार, कोर्टात दाद मागायची सोय नाही.

शिरीनबाईंचा नवरा परदेशी. त्याने अर्ज केला आणि वर्षानुवर्षं उत्तरच नाही. निवडून आलेली खासदार, आणि घरी ही टांगती तलवार, की उद्या नवऱ्याला जा म्हटलं तर संसद सोडायची की संसार?

मग मे 1978 मध्ये शिरीनबाई धरून एकूण 20 बायकांनी मिळून थेट युनोच्या मानवाधिकार समितीकडे आपल्याच सरकारविरुद्ध तक्रार केली. त्यातल्या 17 जणींची लग्नंही झालेली नव्हती! म्हणजे उद्या आपण कुणाशी लग्न करायचं ते सरकार का ठरवणार, हा त्यांचा मुद्दा. एप्रिल 1981 मध्ये समितीने मत दिलं. त्या 17 जणींना अजून प्रत्यक्ष झळ लागलेली नाही म्हणून त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही, पण लग्न झालेल्या तिघींच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं की हा बाई म्हणून केलेला भेदभाव आहे, कायदा बदला. (मला ते 17 जणींचं पटत नाही, कायदा डोक्यावर असताना झळ लागायची वाट कशाला बघायची?)

असं मत काही कोर्टाच्या हुकुमासारखं बांधून ठेवत नाही, सरकारने दुर्लक्ष केलं असतं तरी चाललं असतं. पण 1982 ला एमएमएमच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या सगळ्या 60 जागा जिंकल्या आणि शिरीनबाई देशाच्या पहिल्या महिला अ‍ॅटर्नी जनरल झाल्या. 1983 मध्ये ते दोन्ही कायदे दुरुस्त झाले. राज्यघटनेच्या भेदभावाच्या कलमात मात्र 'लिंग' हा शब्द यायला 1995 उजाडलं, एवढा वेळ लागतो या गोष्टींना.

पुढे फ्रान्समध्ये राजदूत, 2003 पासून मुलांच्या हक्कांसाठीच्या पहिल्या लोकपाल. मुलांच्या कामाबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं.

आता स्पीकरपद. तिथे स्पीकर खासदारच असला पाहिजे असं नाही, सभागृह बाहेरच्या माणसालाही निवडू शकतं. 2024 ला सत्ताधारी आघाडीला 62 पैकी 60 जागा मिळाल्यात, विरोधात अगदी मूठभर लोक. त्याआधीच्या सभागृहात विरोधी खासदारांना बाहेर काढण्यावरून प्रचंड वाद झाले होते. अशा वेळी प्रश्न कुणाला विचारू द्यायचा, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं, हे सगळं स्पीकरच्या हातात. (आपल्या महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षपदी आजवर एकही बाई बसलेली नाही, हे लिहिताना वाईट वाटतं.)

विरोधी बाकांवर बसून कायदा अंगावर आलेला त्यांनी सोसलाय, आणि 1982 चं ते सगळ्याच्या सगळ्या जागांचं सरकार नऊ महिन्यांत फुटलेलंही आतून बघितलंय. म्हणून त्या मूठभर विरोधकांचा माइक त्या बंद पडू देणार नाहीत अशी माझी त्यांच्याकडून अगदी मनापासून अपेक्षा आहे, आणि तिथल्या बातम्या मी आता त्याच नजरेने वाचते.