कानशिलावरची नाडी

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धशिशी पहिल्यांदाच सुरू झाली असं कुणी सांगितलं, की माझे कान टवकारतात. काकूंच्या कागदावर नेमकं तेच लिहिलं होतं. महिनाभर उजवं कानशील ठणकत होतं, गोळी घेतली की दोन-तीन तास बरं जायचं आणि मग पुन्हा तेच. ओळखीतल्या कुणाची तरी डोकेदुखी सुयांनी गेली होती, म्हणून मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला होता. काकूंनी खुर्चीत बसता बसताच कानशिलावर बोट ठेवलं. "इथेच टोचा हो. आणि फार विचारू नका, सगळ्यांना सांगून सांगून दमलेय मी."

विचारायचं नाही म्हटलं तर माझं निम्मं काम तिथेच संपतं. मी अ‍ॅक्युपंक्चर करते. लोकांच्या डोळ्यांपुढे सुया येतात, पण नव्या रुग्णाच्या पहिल्या भेटीत सुयांपेक्षा जास्त वेळ बोलण्यातच जातो. सतराव्या शतकात झांग जिएबिन नावाच्या चिनी वैद्याने रुग्णाला काय काय विचारावं याचं एक पद्य रचलं. 'दहा प्रश्न' म्हणून ते आजही पाठ करून घेतात. थंडी-ताप, घाम, डोकं आणि अंग, शौच-लघवी, खाणंपिणं, छाती, ऐकू येणं, तहान अशा क्रमाने ते जातं. डोकं दुखतंय म्हणून फक्त डोक्याचंच विचारायचं नाही, एवढा त्याचा रोख. सर्वांगीण उपचार म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्यातला मला सगळ्यात पटणारा भाग हाच आहे. बाकीच्या बऱ्याच गोष्टींबद्दल माझं मत इतकं ठाम नाही.

काकू कुरकुरत उत्तरं देऊ लागल्या. संध्याकाळी थोडी कणकण असते. कधीमधी रात्री घाम फुटतो. अंगाचं विचारलं तेव्हा मुलगाच मध्ये बोलला, "सकाळी हात वरच जात नाहीत तिचे. खांदे आखडतात. तासाभराने सैल होतात." काकूंनी भर घातली, की मांड्याही तशाच, पलंगावरून उठताना कुणाचा तरी हात लागतो. वय झालं, दुसरं काय!

"डोकं नुसतं दुखतं, की हात लावला तरी दुखतं?"

"केस विंचरवत नाहीत. उशीवर उजवी बाजू टेकवली की जीव जातो."

शौच-लघवी ठीक. मग खाण्याचं. भूक कमी झालीय का म्हटल्यावर काकूंनी मान हलवली. भूक आहे, पण चार घास चावले की जबडा भरून येतो, दुखायला लागतो. मग घास तसाच धरून थांबायचं. थोड्या वेळाने दुखणं जातं, पुन्हा चावायला घेतलं की पुन्हा सुरू. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली होती, तरी फरक नव्हता. महिनाभरात कपडे सैल झाले होते.

इथे मी लिहिणं थांबवलं.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मेरिडियनचा, म्हणजे शरीरातली ऊर्जा ज्यांतून वाहते असं आमचं शास्त्र मानतं त्या रेषांचा, तक्ता आहे. त्यातली पित्ताशयाची रेषा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून निघते, कानशिलावर आणि कानाभोवती वळसे घेते, तिची एक शाखा जबड्याकडे उतरते, मुख्य रेषा मानेवरून खांद्यावर येते, कुशीतून खुब्याकडे जाते आणि पायाच्या चौथ्या बोटाशी संपते. तिच्यावर सुया टोचायचे ४४ बिंदू. काकूंची एकूण एक तक्रार त्या रेषेवर बसत होती: कानशील, जबडा, खांदे, खुबे. वर जिभेच्या कडा लाल, मनगटावरची नाडी ताणलेली. हे सगळं परीक्षेत आलं असतं तर मी डोळे मिटून 'यकृताचं यांग', म्हणजे त्याची उष्ण शक्ती, 'वर चढलंय' असं लिहिलं असतं, कानशिलावरचा ताइयांग, मानेच्या वरच्या टोकाचा, कवटीखालचा फेंगची आणि पावलावरचा ताइछोंग हे बिंदू निवडले असते आणि पैकीच्या पैकी गुण घेतले असते.

आमच्या शास्त्राची गंमत आणि धोका, दोन्ही यातच आहे. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. इतकं चपखल बसणारं उत्तर हातात आलं की पुढे विचारावंसंच वाटत नाही.

पण तक्ता उत्तरापेक्षा प्रश्नासाठी वापरला तर फार कामाचा असतो, हे मला माझ्या शिक्षिकांनी शिकवलं होतं. ती रेषा डोळ्यापाशी सुरू होते, तर डोळ्याचं राहिलंच की. "काकू, दिसायला काही त्रास?"

"नाही."

"कधीच नाही? क्षणभर अंधारी, धूसर?"

त्या गप्प. मग म्हणाल्या, "परवा एकदा झालं. उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं. पाच-दहा मिनिटांत गेलं." मुलाला हे माहीतच नव्हतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही कानशिलांवर तीन-तीन बोटं ठेवली. आजकाल आम्ही नाडी मनगटावरच पाहतो. 'हुआंगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मात्र डोकं, हात आणि पाय मिळून नऊ ठिकाणच्या नाड्या तपासायला सांगितल्या आहेत, आणि त्यातली पहिली जागा कपाळाच्या दोन्ही बाजूंची. पुढच्या ग्रंथांनी सगळी परीक्षा मनगटावर आणली आणि ती पद्धत मागे पडली. आमच्या शिक्षिका हटवादी होत्या, त्यांनी ती आमच्याकडून गिरवून घेतली. तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो.

डाव्या कानशिलावर ठोके बोटाला लागत होते, हलके पण स्वच्छ. उजवीकडे काहीच नाही. बोटं थोडी वर, थोडी मागे सरकवली. कातडीखाली धमनी होती, जाड, टणक, मध्ये मध्ये गाठी असलेल्या सुतळीसारखी, पण तिच्यात ठोका नव्हता. काकू "आई गं" म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात बाजूला केला.

माझी मदतनीस तोवर ट्रे घेऊन आली होती. पाव मिलिमीटर जाडीच्या सुया, स्पिरिटचा कापूस, सगळं तयार. मी तिला ट्रे परत न्यायला सांगितलं.

"म्हणजे? सुया नाही लावणार?" मुलगा.

"आज नाही. तुम्ही आत्ता, इथूनच रुग्णालयात जायचं. घरी नाही, उद्या नाही."

यावर जे व्हायचं ते झालंच. एवढ्या लांबून आलो, मागच्या डॉक्टरांनी साधी अर्धशिशी सांगितली, तुम्ही घाबरवताय. काकू तर रुसल्याच. सुया टोचणारी बाई सुया टोचायला नाही म्हणते, याचा अर्थ तिला काही येत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी मुलाला वेगळं न घेता दोघांच्या समोरच सांगितलं, की डोक्याच्या धमन्यांना सूज येण्याचा एक आजार असतो आणि मला त्याची दाट शंका आहे. निदान करणं माझ्या अधिकारातलं नाही, पण शंका खरी असेल तर उजवा डोळा कायमचा जाऊ शकतो. 'डोळा' म्हटल्यावर मुलगा उभा राहिला.

मग फोन. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना मी मेरिडियन, यांग वगैरे काही सांगितलं नाही. वय ७४, नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, डोक्याची कातडी हुळहुळी, सकाळी खांदे-खुबे आखडणं, वजन उतरणं, एका डोळ्यापुढे तात्पुरता पडदा, उजव्या टेम्पोरल धमनीला ठोका नाही. पलीकडून एकच वाक्य आलं: "लगेच पाठवा." तेच सगळं कागदावर लिहून मुलाच्या हातात दिलं.

त्या आजाराचं नाव जायंट सेल आर्टरायटिस. तो पन्नाशीच्या आत जवळपास होतच नाही. धमनीची भिंत सुजते, आतला मार्ग अरुंद होतो. चावणाऱ्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून चार घासांनंतर जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो. दृष्टीच्या चेतातंतूकडे जाणारा पुरवठा बंद पडला तर डोळा जातो. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही आणि उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही थोड्याच काळात जाऊ शकतो. खांदे-खुबे आखडणं हा त्याचा जोडीदार आजार, सुमारे निम्म्या रुग्णांत दिसणारा. म्हणजे काकूंच्या तक्रारी एकाच धाग्यातल्या होत्या हे खरंच होतं, फक्त तो धागा पित्ताशयाचा नव्हता.

त्याच संध्याकाळी रक्ताचे अहवाल आले, शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर शंभरीजवळ. डॉक्टरांनी बायॉप्सीची वाट न पाहता शिरेतून स्टेरॉईड सुरू केलं, या आजारात तसंच करतात. काही दिवसांनी घेतलेल्या धमनीच्या तुकड्याने निदानावर शिक्का मारला. दुसऱ्या दिवशीच डोकं उतरलं, असं मुलाने फोनवर सांगितलं. डोळा वाचला.

हे ऐकून माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चांगलं केलंस, पण निदान फेंगचीला दोन सुया लावून पाठवायचं. बाईंना तेवढाच आराम." मला हे आजही पटत नाही. आराम पडला असता याचीच मला भीती होती. दुखणं थोडं उतरलं असतं, तर हे दोघं रुग्णालयाच्या वाटेवरून घरी वळले असते. मीही कदाचित इतक्या जोरात बोलले नसते. अ‍ॅक्युपंक्चरने दुखणं कमी होतं, पण त्यामुळे दुखण्याचं कारण गेलं असं होत नाही. आमच्या व्यवसायात हे दोन वेगळे ठेवण्याची शिस्त जितकी हवी तितकी नाही, आणि 'आम्ही मुळावर उपचार करतो' हे वाक्य मात्र सगळ्यांच्या ओठांवर असतं.

काकू काही महिन्यांनी परत आल्या, कंबर धरून. स्टेरॉईडचा डोस उतरत होता, तरी तो बराच काळ चालणार होता. दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, म्हणून आधी मणक्याचा एक्स-रे आणि त्यांच्या डॉक्टरांची परवानगी मागितली. यावेळी कुणी वाद घातला नाही. मणका शाबूत होता, दुखणं जुनंच होतं.

मुलाने मात्र सरळ विचारलं, "याचा खरंच उपयोग होतो का? त्या दिवसानंतर तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो."

मी त्याला जर्मनीतल्या मोठ्या चाचणीचे आकडे सांगितले. ती २००७ साली प्रसिद्ध झाली, जुन्या कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांनी साधारण २७ टक्के लोकांना ठोस फरक पडला, अ‍ॅक्युपंक्चरने जवळजवळ ४८ टक्क्यांना. पण ठरलेले बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर सुया टोचल्या होत्या त्या गटातही ४४ टक्के.

तो हिशेब करत राहिला. "म्हणजे बिंदू कुठला, याने फारसा फरक पडत नाही?"

"त्या चाचणीत तरी पडला नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं बिंदू कशाला पाठ केलेत?"

मी काही बोलायच्या आत काकू पलंगावर पालथ्या झाल्या होत्या. "तुमचं गणित बाहेर जाऊन करा रे," त्या उशीतूनच म्हणाल्या. "आधी मला सुया लावा." स्टेरॉईडने कातडी पातळ झाली होती, जरा धक्का लागला तरी निळे डाग पडत होते. मी मोजक्याच सुया घेतल्या आणि प्रत्येक काढल्यावर कापूस नेहमीपेक्षा बराच वेळ दाबून धरला.